स्वभावाला औषध नाही, असं म्हणण्याआधी

‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य मराठी घरात सहसा विषय मिटवायला वापरतात. वहिनी हल्ली कुणात मिसळत नाही, बाबा जेवताना ताट सरकवून उठतात, आत्याला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते. थोडा वेळ कारणांचा काथ्याकूट होतो, मग कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि चहा येतो. इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगर किंवा रामबाग या मराठी वस्त्यांत थायरॉइड हा शब्द कुणाला नवा नाही. ‘माझी पन्नासची गोळी चालू आहे’ असं सांगणारी एक तरी काकू प्रत्येक हळदीकुंकवाला असतेच. पण ते बोलणं वजन, गळणारे केस आणि पाळी यांच्यापलीकडे जात नाही. गळ्यातली ही ग्रंथी आपण किती भराभर विचार करतो, कशाने चिडतो, सकाळी उठून काही करावंसं वाटतं की नाही, यातही हात घालते, हे फारसं कुणी बोलत नाही. आणि ज्यांना हे कुठूनतरी कळतं ते उलट टोकाला जातात. मग नवऱ्याशी झालेलं भांडणही थायरॉइडच्या नावावर जमा होतं.

दोन्हीकडे गफलत आहे. ती समजायला आधी ग्रंथीचं काम बघावं लागतं.

मोठ्या माणसात थायरॉइड ग्रंथी साधारण 15 ते 25 ग्रॅमची असते. ती मुख्यतः टी-फोर नावाचा हार्मोन बनवते. टी-फोर हा साठ्यातला माल म्हणायचा, प्रत्यक्ष काम करतो तो टी-थ्री. मेंदू रक्तातल्या टी-थ्रीवर फारसा विसंबत नाही. तो टी-फोर आत घेतो, आणि चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने त्यातला आयोडीनचा एक अणू काढून जागच्या जागी टी-थ्री तयार करतात. हा टी-थ्री चेतापेशीच्या केंद्रकात जाऊन कोणती जनुकं किती चालावीत ते ठरवतो. म्हणून त्याचा परिणाम चहा-कॉफीसारखा अर्ध्या तासात दिसत नाही, आठवड्यांनी आणि महिन्यांनी दिसतो. रक्तातला टी-फोर निम्मा व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. घरातल्यांना बदल कळत नाही तो यामुळे. रोज थोडंथोडं मंदावणारं माणूस रोज बघणाऱ्याला तसंच दिसतं. दोन वर्षांनी पुण्याहून आलेली बहीण मात्र दारातच विचारते, ‘अगं, तुझा आवाज असा का झालाय?’

आवाज खरंच बदलतो, घोगरा आणि जड होतो. पण आपला विषय बोलण्यामागच्या विचाराचा आहे. टी-फोर कमी पडला की बुद्धी जात नाही, आठवण वर यायला वेळ लागतो. नाव जिभेवर असतं पण येत नाही. ऐकलेली यादी थोड्या वेळाने पुन्हा सांगता येत नाही. हायपोथायरॉइडिझममध्ये, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याच्या आजारात, मानसशास्त्रीय चाचण्यांत सर्वांत सातत्याने कमी पडते ती हीच, शब्दांची स्मृती. त्याच्या जोडीला कामाला हात घालण्याची ऊर्मी आटते. स्वयंपाक करता येतो, पण सुरू करवत नाही. बँकेचा फॉर्म टेबलावर आठवडाभर पडून राहतो. बाहेरून हा आळस दिसतो, आणि आळस हा आपल्याकडे दोषच मानला जातो. त्यामुळे त्या बाईला औषधाआधी उपदेश मिळतो.

इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ झूमरा तालाच्या अतिविलंबित लयीत ख्याल मांडत. राग तोच, बंदिश तीच, पण दोन मात्रांमधलं अंतर इतकं मोठं की सवय नसलेल्या ऐकणाऱ्याचा धीर सुटावा. थायरॉइड कमी पडलेल्या माणसाचं मन काहीसं असं चालतं, म्हणजे स्वर त्याचेच असतात, लय उतरलेली असते. फरक इतकाच की खाँसाहेबांनी लय निवडलेली होती.

या अवस्थेची डिप्रेशनशी गल्लत होते, आणि त्यात डॉक्टरांचीही फार चूक नाही. डिप्रेशन मोजायची सर्वत्र वापरली जाणारी प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. त्यांतले पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं आणि हालचाली मंदावणं यांचे. हे पाचही थायरॉइडमुळे जसेच्या तसे येऊ शकतात. म्हणजे मनात खोल निराशा नसतानाही गुण चढतात. फरक शोधायचा तर उरलेल्या प्रश्नांकडे बघावं. ‘मी नालायक आहे, माझ्यामुळे सगळ्यांचं वाईट झालं’ ही अपराधाची बोच डिप्रेशनकडे जास्त झुकते. थायरॉइडच्या मंदपणात दुःखापेक्षा सपाटपणा जास्त असतो. सणाचा आनंद नाही आणि गेलेल्या गोष्टीचं फार वाईटही नाही. अर्थात दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून या खुणेवर निदान करू नये, फक्त टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची राहून गेली नाही ना, एवढं बघावं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर मात्र रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

शरीरही साक्ष देतं. मालव्यात रात्री गार असतात, पण मार्चमध्ये घरातले सगळे पंखा लावत असताना एकच माणूस शाल सोडत नसेल, तर ते लक्षात घ्यावं. बद्धकोष्ठता, पाळीत जास्त रक्तस्राव, कोरडी खरबरीत कातडी, भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होणं या नेहमीच्या खुणा. डॉक्टर टाचेमागच्या कंडरेवर (टेंडनवर) रबरी हातोडी मारतात तेव्हा पाऊल लगेच झटकतं, पण जागेवर परत यायला उशीर लावतं. जुनी, बिनखर्चाची तपासणी. घाईच्या ओपीडीत ती आता फारशी होत नाही.

आता दुसरी बाजू. हार्मोन जास्त झाला, म्हणजे हायपरथायरॉइडिझम झाला, की बहुधा तो आधी स्वभावात दिसतो. माणूस तुटक बोलतो, अर्ध्या वाक्यात दुसऱ्याला तोडतो, क्षुल्लक गोष्टीवर रडतो आणि पाच मिनिटांनी हसतो. झोप नाही, डोक्यात विचारांची रांग, पण एकही विचार शेवटाला जात नाही. ऑफिसात अशा माणसाला सुरुवातीला शाबासकीही मिळते, कारण तो चार जणांचं काम अंगावर घेतो. महिन्याभरात चुका निघू लागतात. घरचे म्हणतात टेन्शन आहे, आणि तो स्वतःही तेच म्हणतो.

टेन्शन आणि थायरॉइड वेगळे ओळखायला नाडी उपयोगी. काळजीने धडधडणारी छाती झोपेत शांत होते. हायपरथायरॉइडिझममध्ये गाढ झोपेतही नाडी नव्वद-शंभरच्या घरात राहू शकते. माणूस झोपला असताना मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण ठोके अनियमित असतील तर तो हिशेब चुकतो. हात बघावेत. भीतीने घामेजलेला हात गार असतो, थायरॉइडचा घामेजलेला हात गरम. दोन्ही हात समोर ताणून बोटांवर कागद ठेवला तर बारीक कंप कागदाच्या कडेला दिसतो. आणि भूक वाढूनही वजन उतरत असेल, तर मग ते टेन्शन समजून सोडून देऊ नये.

वय झालेल्या माणसांत हे चित्र उलटंही असतं. सत्तरीतले आजोबा हार्मोन वाढलेला असताना चिडचिड न करता गप्प बसतात, जेवण सोडतात, खंगत जातात, आणि घरचे धरून चालतात की ‘आता वयच झालं’. तिथे कधी कधी हृदयाची लय बिघडलेली सापडते आणि मग मूळ कारण कळतं.

थायरॉइड आणि मन यांचं हे नातं डॉक्टरांनाही सहज उमगलेलं नाही. लंडनच्या विल्यम गल यांनी 1873मध्ये प्रौढ स्त्रियांतली ही मंदावलेली अवस्था नोंदवली, तेव्हा कारण माहीत नव्हतं. 1888मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने अशा रुग्णांचा मोठा अहवाल काढला, त्यात जवळजवळ निम्म्या रुग्णांत भास किंवा भ्रम नोंदले होते. 1891मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क अशा एका बाईला टोचला. ती पुढे 28 वर्षं जगली. तरीही 1949मध्ये इंग्लंडचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांना चौदा रुग्णांची हकिकत छापून डॉक्टरांना आठवण करून द्यावी लागली की वेडे म्हणून मनोरुग्णालयात ठेवलेल्या काहींना खरं तर थायरॉइडची कमतरता आहे. त्यांतले बहुतेक थायरॉइड दिल्यावर सुधारले. दुसऱ्या टोकाला, विसाव्या शतकाच्या मध्यावर मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी हायपरथायरॉइडिझमला मनातून उपजणाऱ्या सात आजारांत बसवलं होतं, म्हणजे आधी विशिष्ट स्वभाव आणि मग आजार. आज ग्रेव्हज या हार्मोन वाढवणाऱ्या आजारात टीएसएचच्या ग्राहकावर बसून ग्रंथीला सतत चेतवणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मोजता येतात, त्यामुळे ती मांडणी मागे पडली. आपल्याकडच्या गप्पांत मात्र ‘फार मनाला लावून घेते ना, म्हणून तिला थायरॉइड झाला’ हे अजून ऐकू येतं. रुग्णालाच दोषी धरायची ही जुनी सवय आहे.

आता रिपोर्ट. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा थायरॉइडला हुकूम आहे. ग्रंथी कमी पडली की तो चढतो, जास्त झाली की उतरतो. साधारण 0.4 ते 4.5 ही मर्यादा बहुतेक लॅब छापतात. पण तो आकडा दिवसभर एकसारखा नसतो, रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. एकदा सकाळी सात वाजता आणि पुढच्या वेळी दुपारी दोन वाजता रक्त दिलं, तर दोन रिपोर्टची तुलना करण्यात अर्थ नाही. दर वेळी सकाळीच, शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावं, आणि फ्री टी-फोर (रक्तातला मोकळा टी-फोर) हाही बघायचा असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी ते निदान दोन दिवस आधी थांबवावं. बऱ्याच यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो, म्हणजे कागदावर हायपरथायरॉइडिझम उभा राहतो. केस गळतात म्हणून बायोटिन आणि केस गळतात म्हणूनच थायरॉइडची तपासणी, असा हा योग फार जुळून येतो.

सगळ्यांत जास्त गोंधळ टीएसएच 6 किंवा 7 आणि टी-फोर ठीक, या रिपोर्टचा आहे. डोकं जड, विसरायला होतं, चिडचिड होते, सगळ्याचं बिल या आकड्यावर फाडलं जातं. 2017मध्ये युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. 65 वर्षांवरच्या, असाच किंचित वाढलेला टीएसएच असलेल्या 737 लोकांत निम्म्यांना गोळी दिली आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. थकव्यात आणि लक्षणांत फरक पडला नाही. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. तरुण बाई गरोदर राहू पाहत असेल, टीएसएच 10च्या वर असेल किंवा ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं बरीच असतील, तर हिशेब वेगळा. पण आकडा 6.2 असताना मेंदूवरचं सगळं धुकं त्याचंच आहे असं मानणं मला घाईचं वाटतं. आपल्या शाकाहारी घरांत बी-12 आधी बघावं, त्याच्या कमतरतेनेही स्मृती आणि मूड बिघडतात. पाळी जास्त जाणाऱ्या बाईचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघावं. घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाची झोप तपासावी. चाळिशीच्या उत्तरार्धात पाळी जायला आलेली असेल तर तेही विचारात घ्यावं. आणि मूडसाठी लिथियम घेणाऱ्यांचा टीएसएच दर सहा महिन्यांनी तपासायलाच हवा, कारण लिथियम थायरॉइडचं काम मंदावू शकतं.

बाळंतिणीचा मुद्दा थोडक्यात, पण महत्त्वाचा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काहींच्या ग्रंथीला सूज येते. आधी हार्मोन सांडून जास्त होतो, तेव्हा झोप उडते आणि जीव घाबरा होतो. मग काही महिन्यांनी कमी पडतो, तेव्हा बाई कोमेजते. सासर-माहेरचे जागरण, दूध, दृष्ट असं काहीही म्हणतात. एक टीएसएच मागून घ्यावा.

गोळी सुरू झाली की इंदुरात खरी अडचण सकाळी पोह्यांपाशी येते. लिव्होथायरॉक्सिन ही टी-फोरचीच गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या तीस ते साठ मिनिटं आधी घ्यायची असते. उपाशी पोटी तिचा सत्तर-ऐंशी टक्के भाग शोषला जातो, दुधाच्या चहाबरोबर किंवा पोटात अन्न असताना त्याहून कमी. इथे सकाळी सहाला चहा आणि सातला शेव-जिरावन घातलेले पोहे, वर जलेबी. त्यात गोळी कधी चहाच्या आधी, कधी नंतर, कधी बरोबर पडते, आणि दर तीन महिन्यांनी डोस वाढतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर हवं. बऱ्याच बायका तिन्ही गोळ्या एकाच वाटीत ठेवून एकदम घेतात. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज चालू असतील तरी शोषण घटू शकतं. सोयाबीनचंही तसंच. मध्य प्रदेश सोयाबीनचा प्रदेश, देशाची सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच, तेव्हा सोयावडी कुणी सोडणार नाही आणि सोडायची गरजही नाही, फक्त ती गोळीच्या आसपास नको. कोबी-फ्लॉवरला घाबरू नये. शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही होत नाही.

सकाळ जमत नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी गोळी चालते. ज्यांचं शेवटचं खाणं सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात अकरा वाजता होतं त्यांनी सकाळच धरावी. एप्रिल-मेच्या उन्हात गोळ्यांची बाटली गाडीत किंवा ओट्याजवळ ठेवू नये, उष्णता आणि दमट हवा तिची ताकद कमी करतात. ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघावा. डोस बदलल्यावरही तेवढेच थांबावं. दोन आठवड्यांत केलेली तपासणी पैसे आणि काळजी दोन्ही वाया घालवते. पूर्ण कमतरतेत मोठ्यांचा डोस वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम पडतो, पण म्हाताऱ्या किंवा हृदयविकाराच्या माणसाला 12.5 किंवा 25पासून चढवत नेतात. हायपरथायरॉइडिझमसाठी कार्बिमाझोल हे हार्मोन कमी करणारं औषध घेणाऱ्याला ताप आणि घसादुखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात आणि डॉक्टरांना दाखवावं.

सुधारणा एका क्रमाने येते, आणि हा क्रम घरच्यांना माहीत नसल्यामुळे भांडणं होतात. नाडी, सूज, पोट आधी ताळ्यावर येतात. मन मागून येतं, कधी आकडा नीट झाल्यावरही काही महिन्यांनी. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे, आता काय झालं?’ हा प्रश्न अशा वेळी फार लागतो. काहींना, अंदाजे शंभरात पाच ते दहांना, टीएसएच मर्यादेत येऊनही थकवा आणि विस्मरण उरतं. त्यासाठी टी-फोरला टी-थ्रीची जोड देऊन बघितलं गेलं. 1999च्या एका छोट्या चाचणीत मूड सुधारल्याचं दिसलं, पण नंतरच्या बहुतेक चाचण्यांत तसा ठाम फायदा आढळला नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीसाठी तो प्रयोग करता येतो. स्वतःच्या मनाने डोस वाढवणं ही मात्र वेगळी गोष्ट. थोडा जास्त हार्मोन काहींना आवडतो, हलकं आणि तरतरीत वाटतं. त्या तरतरीची किंमत हाडं आणि हृदयाची लय फेडतात.

आता राहिला स्वभाव. हार्मोन जास्त असताना बाबांनी धाकट्या भावाला जे सुनावलं, त्याचं काय करायचं? माझ्या मते आजाराने आवाज चढवला आणि बांध खाली आणला, पण मजकूर आजाराने लिहिला नाही. वाटणीची सल दहा वर्षं होतीच. म्हणून उपचारानंतर ‘ते थायरॉइड बोलत होतं’ म्हणून सगळं पुसून टाकणं जितकं चुकीचं, तितकंच ऐन आजारात झालेल्या बोलण्यावर नातं तोडणंही. माफी मागायला आणि वाटणीचं बोलायला आकडे स्थिरावेपर्यंत थांबता येतं. राजीनामा, घराची विक्री, साखरपुडा मोडणं यांनाही तोच नियम लावावा. उलट, मंदावलेल्या बाईने बारा वर्षं सासरचं मुकाट ऐकलं असेल आणि गोळीने लय परत आल्यावर ती उत्तर देऊ लागली, तर घरच्यांना ‘गोळीने स्वभाव बिघडला’ असं वाटतं. डोस तपासायला हरकत नाही, कारण तो जास्त झालेलाही असू शकतो. टीएसएच 2 आला तर मात्र ती काय म्हणते आहे ते ऐकून घ्यावं लागेल.

डॉक्टरांकडे जाताना घरातलं एक माणूस बरोबर न्यावं, शक्यतो रोज न भेटणारं. ‘स्वभाव बदलला’ असं मोघम न सांगता काय बंद झालं ते महिन्यासकट सांगावं. दिवाळीपर्यंत हिशेबाची वही लिहीत होती, संक्रांतीपासून नाही. भजनाला जायची, होळीनंतर गेली नाही. औषधांच्या यादीत बायोटिन, लोह, कॅल्शियम आणि वैद्यांचे काढे धरून सगळं लिहावं, आणि आधीचे रिपोर्ट असतील तर तारखेच्या क्रमाने लावून न्यावेत.